ए विंगचा जिना आणि देवांच्या टाइल्स

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. ए विंगचा जिना मागच्याच महिन्यात रंगवला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या कोपऱ्यात पुन्हा लाल पिचकाऱ्या. फोटो टाकत नाही, जेवणाची वेळ आहे. पर्याय दोन आहेत. एक तर कॅमेरे, नाहीतर नाना म्हणतात तशा देवांच्या टाइल्स. मतं कळवा. फक्त मतं, फॉरवर्ड नकोत.

नाना (ए-२०१): टाइल्स. कॅमेऱ्याची वायर उंदीर खातात आणि फुटेज बघत बसायला वेळ कोणाला आहे? गणपती, दत्त, साईबाबा, गुरू नानक, क्रॉस, मक्का असा तयार सेट मिळतो. माझ्या मजल्यावर मी दिवाळीत स्वखर्चाने लावल्यात. आजवर एक डाग नाही.

फर्नांडिस अंकल (बी-१०१): नाना, आमच्या क्रॉसला थुंकणाऱ्यांच्या पहाऱ्यावर बसवू नका हो.

खजिनदार: टाइल साठ रुपये नग, मजुरी वेगळी. कॅमेऱ्यांचं कोटेशन अडतीस हजार. मी काही बोलत नाही.

अन्वय (सी-१०२): अशा चित्रांवर बंदी आणा म्हणून २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली होती. कोर्टाने फेटाळली. म्हणजे नाना कायद्याने सेफ आहेत 😄

मेधाताई (बी-४०४): नानांच्या भिंतीवर डाग नाही हे खरं आहे, मी स्वतः पाहिलंय. पण नाना, टाइलपासून तीन फुटांवर फायर डक्टचं दार आहे. ते एकदा बघा. जिना धुणाऱ्या मावशींना विचारा, दिवाळीपासून त्या रोज कुठे ब्रश मारतायत ते.

नाना: ते बाहेरचे लोक. कुरियर, गॅसवाला.

मेधाताई: असतील. किंवा आपलेच असतील. कोणीही असो, तो देव मानणारा आहे एवढं नक्की, नाहीतर टाइल कशाला टाळली असती? मला गंमत पुढची वाटते. प्रल्हादाच्या गोष्टीतला देव खांबातही असतो. ती गोष्ट ऐकत मोठा झालेला माणूस डक्टच्या दारावर मात्र खुशाल थुंकतो. देव चराचरात आहे हे त्याला तोंडपाठ आहे. पण थुंकताना त्याच्या डोक्यातला देव टाइलवरच असतो, आणि टाइलला डोळे आहेत तेवढ्याच दिशेला बघतो.

शिंदे वहिनी (ए-३०३): हे मात्र पटलं 😂

अन्वय: मेधाताई, यावर प्रयोग झालेत. जस्टिन बॅरेट आणि फ्रँक कील हे मानसशास्त्रज्ञ, १९९६. लोकांना आधी विचारलं, देव कसा आहे? सगळे म्हणाले सर्वव्यापी, एका वेळी हजार कामं करणारा. मग छोट्या गोष्टी वाचायला दिल्या. त्यातल्या एका गोष्टीत देव जगाच्या एका टोकाला कोणाची तरी प्रार्थना ऐकत असतो आणि त्याच वेळी दुसरीकडे एक मुलगा संकटात सापडतो. नंतर गोष्ट आठवून सांगताना बऱ्याच जणांनी ती बदलली. देवाने आधी पहिलं काम उरकलं आणि मग तो मुलाकडे आला, असं त्यांना आठवत होतं. मूळ गोष्टीत तसं नव्हतंच. बॅरेटने पुढे उत्तर भारतात हिंदूंवरही हेच करून पाहिलं. तिथेही तोच प्रकार.

नाना: साहेब रांगेतल्या एकेकाला बोलावतात तसं.

अन्वय: अगदी तसंच!

नाना: अरे मग यात नवल काय? निर्गुण निराकार सामान्य माणसाला झेपत नाही म्हणून तर सगुण रूप आहे. आमच्या वारकऱ्यांना हे केव्हाच माहीत होतं. त्यासाठी अमेरिकेत प्रयोग कशाला हवेत?

मेधाताई: नाना, तुम्ही म्हणता देव आधी आहे आणि माणसाला झेपेल असं रूप तो घेतो. मला उलटं वाटतं. माणसाच्या डोक्याला माणसासारखंच कोणीतरी कल्पता येतं, म्हणून देव तसा होतो. त्याला राग येतो, लाच चालते, नवस फेडला नाही तर तो रुसतो, एका वेळी एकीकडेच बघतो. यातला एकही गुण शास्त्रातल्या ब्रह्माचा नाही. सगळे आपले आहेत.

नाना: मेधाताई, सरळ सांगा. देव नाही असं म्हणायचंय ना?

मेधाताई: माझं मत विचाराल तर हो, नाही. पण ते इथे सिद्ध करायला बसले नाहीये. दिसत नाही, मोजता येत नाही, तरी जगाच्या पाठीवर जवळपास प्रत्येक समाजात लोक कोणाला ना कोणाला मानतात. असं का, हा माझ्या कुतूहलाचा प्रश्न आहे. आमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवताना दर वर्षी कोणीतरी विचारायचं आणि दर वर्षी कोणीतरी तावातावाने म्हणायचं, "अडाणीपणा, दुसरं काय!" मला ते उत्तर आळशी वाटतं. थोडं लांबण लावते, कंटाळा आला तर म्यूट करा.

रात्री दोन वाजता पॅसेजमध्ये खट्ट वाजलं तर तोंडातून काय निघतं? "कोण आहे?" "काय आहे?" असं कोणी विचारत नाही. रानात गवत हललं की वारा समजून बसून राहिलेला पूर्वज कधीतरी वाघाच्या तोंडी गेला. उगाचच पळालेल्याचं काय गेलं? थोडी धाप लागली. पळणाऱ्यांची आपण पोरं. म्हणून आपल्याला घटनेमागे कर्ता दिसतो. १९४४ मध्ये हायडर आणि झिमेल या दोघांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. तिच्यात दोन त्रिकोण, एक गोल आणि एक चौकोनी खोका, बाकी काही नाही. तरी बघणारे सांगत सुटले की मोठा त्रिकोण गुंड आहे, गोल घाबरलाय, छोटा त्रिकोण त्याला वाचवतोय. त्रिकोणाला मन देणारे आपण, मग पावसाला, देवीच्या साथीला, वांझ शेताला मन दिलं यात आश्चर्य कसलं? साथीचं नावच देवी पडलं. "देवी आल्या" म्हणायचे घरात. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती जगातून गेल्याचं जाहीर केलं. लस टोचली आणि देवी गेली.

शिंदे वहिनी: माझ्या आजीच्या चेहऱ्यावर वण होते.

नाना: डोळ्याला झाड कसं दिसतं हे शास्त्रज्ञाने समजावलं म्हणून झाड खोटं ठरत नाही. मनाला देव कसा दिसतो हे सांगितल्याने देव खोटा कसा ठरला?

मेधाताई: हा तुमचा मुद्दा भारी आहे. आणि तुम्ही एकटे नाही, अन्वयने सांगितलेला बॅरेट स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन आहे, तोही साधारण असंच म्हणतो. पण झाड तुम्हाला, मला आणि फर्नांडिसांना तेच दिसतं. देव मात्र बहुतेकांना ज्या घरात जन्मलो त्या घरातलाच दिसतो. पंढरपूरच्या माणसाला ध्यानात कधी येशू दिसत नाही आणि रोममधल्याला विठोबा दिसत नाही.

फर्नांडिस अंकल: वसईत दोन्ही दिसतात. आमच्या बाजूला सुवासिनी चर्चमध्ये मेणबत्ती लावून पुढे देवीची ओटी भरायला जातात. कोणाचंच ऑब्जेक्शन नसतं.

मेधाताई: 😄 मान्य. शेजार असला की दिसतात.

शिंदे वहिनी: मेधाताई, तुमचं वाचायला छान वाटतं. पण मागच्या वर्षी ह्यांचं बायपास झालं तेव्हा याच ग्रुपवर सगळ्यांनी प्रार्थना केली होती. तुम्हीही हात जोडलेले पाठवले होते.

अन्वय: काकू, रागावू नका, पण त्यावरही अभ्यास झालाय. २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतली सहा हॉस्पिटलं, बायपासचे साधारण अठराशे पेशंट. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. फरक पडला नाही. उलट ज्यांना "तुमच्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे" असं सांगितलं होतं त्यांच्यात गुंतागुंत जरा जास्त निघाली, ५९ टक्के. बाकीच्या दोन गटांत ५१-५२.

शिंदे वहिनी: मग? त्या रात्री आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मी दुसरं काय करायला हवं होतं ते सांग की. डॉक्टर आत. पैसे भरून झालेले. सह्या करून झालेल्या. रात्रभर जप केला. उगाच टक्केवारी सांगू नकोस.

सेक्रेटरी: मंडळी, जिना. विषय जिना आहे.

मेधाताई: अन्वय, वहिनींचं बरोबर आहे. तू सांगितलास तो अभ्यास प्रार्थनेने पेशंट बरा होतो का याचा. बाकावर बसलेल्या माणसाबद्दल त्यात काही नाही. त्याच्याबद्दल मॅलिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने लिहिलंय. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथले कोळी आतल्या शांत खाजणात मासे धरायचे तेव्हा मंत्रतंत्र काही नसायचं, जाळं आणि अनुभव पुरायचा. खुल्या समुद्रात जायचे तेव्हा मात्र विधींची रांग लागायची. माणसं तीच, अक्कलही तीच. हातातलं जिथे संपतं तिथून विधी सुरू होतात. वहिनींच्या हातातलं त्या रात्री संपलं होतं. आणि वहिनी, मी हात जोडले ते तुमच्यासाठी होते. वर कोणासाठी नव्हते. पुन्हा वेळ आली तर पुन्हा जोडेन.

शिंदे वहिनी: बरं.

नाना: हे तुमचं नास्तिकांचं असंच. हात जोडायचे आणि वर सांगायचं की जोडले नव्हते. असो. माझा साधा प्रश्न आहे. भीती नको का माणसाला? शनी शिंगणापूरला घरांना दारं नाहीत. चोरी केली तर शनिदेव बघून घेईल ही खात्री. २०११ मध्ये बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली. काढली की नाही?

मेधाताई: काढली. त्याच्या आदल्या वर्षी गावात आलेल्या एका भाविकाने गाडीतून ऐवज गेल्याची तक्रारही केली होती. पुढे २०१५ मध्ये पोलीस ठाणंही आलं. आणि दिवेआगर? सोन्याचा गणपती, मार्च २०१२. दोन रखवालदारांना मारून मुखवटा नेला आणि वितळवला. तिथे तर प्रत्यक्ष देवच होता समोर, टाइल नव्हती.

नाना: ते दरोडेखोर. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांबद्दल बोलतोय. सभ्य माणसाला सभ्य ठेवायला देव लागतो.

अन्वय: नाना, तुमच्या बाजूने एक देतो. न्यूकॅसल विद्यापीठाच्या कॉफीरूममध्ये पैसे टाकायचा डबा होता, कोणी बघायला नसायचं. एका आठवड्यात दरपत्रकावर फुलांचं चित्र, दुसऱ्यात माणसाच्या डोळ्यांचं, असं आलटून पालटून. डोळ्यांच्या आठवड्यात जवळपास पावणेतीन पट पैसे पडले. हाही २००६ चाच.

नाना: बघा! टाइल्स मंजूर करा.

अन्वय: थांबा, पुढचं ऐका. २०१७ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले, तर डोळ्यांच्या चित्राने माणसं जास्त उदार होतात असं काही निघालं नाही.

खजिनदार: म्हणजे अडतीस हजारही पाण्यात आणि साठ रुपयेही पाण्यात?

मेधाताई: डोळे बघतात, शिक्षा करत नाहीत. देव करतो, निदान तशी समजूत आहे. त्यामुळे नानांची टाइल नुसत्या डोळ्यांपेक्षा वरचढ ठरेल असं मलाही वाटतं. काही अभ्यासकांचं म्हणणं आहे की गावं मोठी झाली, सगळे सगळ्यांना ओळखेनासे झाले, तेव्हा लबाडीवर नजर ठेवणारा देव कामाला आला. टांझानियातले हाड्झा लोक छोट्या टोळ्यांत राहून शिकार करतात. त्यांच्या सूर्यदेवाला कोणी कोणाचं मध पळवलं यात फारसा रस नसतो, असं तिथे राहून आलेल्यांनी नोंदवलंय. तिथे पळवापळवी लपतच नाही ना! मोठा समाज आधी की शिक्षा करणारा देव आधी, यावर मात्र अजून हाणामारी आहे. २०१९ मध्ये एक गाजलेला निबंध आला आणि २०२१ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

आपल्या सोसायटीत १४४ फ्लॅट आहेत. मला ए विंगमधली निम्मी नावं माहीत नाहीत. म्हणून नानांना गणपती आणावासा वाटतो आणि सेक्रेटरींना कॅमेरा. मागणी एकच आहे. पण नाना, पहारेकरी उपयोगी पडतो म्हणून तो खराच आहे असं होत नाही. शेतातलं बुजगावणंही पाखरं उडवतं.

नाना: गणपतीला बुजगावणं म्हणालात. मी हे बोलणार नव्हतो, पण वाईट वाटलं.

मेधाताई: गणपतीला नाही म्हटलं नाना, टाइलला म्हटलं. तुमच्या देवघरातल्या गणपतीशी माझं भांडण नाही, दर वर्षी तुमच्याकडे आरतीला मी येते आणि उकडीचे मोदक घेऊनच जाते. पण जिन्यातल्या कोपऱ्यात, थुंकीच्या पातळीला, गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याला तुम्ही बसवलंत. नास्तिक असून मला ते बघवत नाही.

फर्नांडिस अंकल: सेम हिअर.

शिंदे वहिनी: नाना, मलाही ते खटकतं. चप्पल घालून जाताना मी अंग चोरून जाते तिथून.

सेक्रेटरी: मावशींशी आत्ताच बोललो. त्या म्हणाल्या, टाइल लागल्या तरी मला पुसावं लागतंच, फक्त आता देवाच्या बाजूला पुसताना तोंडातून शिवी काढता येत नाही. डक्टपाशी अंधार आहे, तिथे लाइट लावा आणि खाली झाकणाचा डबा ठेवा. आणि ए-१०३ चे भाडेकरू मावा खातात हे सगळ्या विंगला माहीत आहे, त्यांना कोणी तोंडावर सांगत का नाही?

अन्वय: 💯

खजिनदार: लाइट आणि डबा, हजाराच्या आत बसेल. मंजूर.

सेक्रेटरी: ए-१०३ ला मी आणि फर्नांडिस अंकल उद्या संध्याकाळी भेटतो. टाइल्सचा आणि कॅमेऱ्यांचा, दोन्ही प्रस्ताव सर्वसाधारण सभेत. नाना, तोपर्यंत जिन्यातल्या सहा टाइल्स काढून घ्यायच्या का?

नाना: माझा विरोध नोंदवा. मी काढणार नाही.

सेक्रेटरी: मग घराच्या आतल्या भिंतीला लावा ना. तिथे कमिटीचा काही संबंध येत नाही.

नाना: आत कशाला? आत कोण थुंकतंय?