मेणाच्या वस्तू विकून मधमाशी-संशोधनाला मदत: काय बनवू?

मेणपणती: हाताशी जुन्या पोळ्यांचं 2 किलो कच्चं मेण, स्टीलची पातेली, वजनकाटा. नवीन काही विकत घ्यायचं नाही. विक्रीतला वाटा मधमाशी-संशोधनाला द्यायचाय. लिप बाम करू की मेणबत्त्या? वेष्टनावर काय लिहू?

पेटी_क्र_7: थर्मोस्टॅटवालं दुहेरी भांडं घ्या. मेण 62–64 अंशांना वितळतं, 85च्या वर काळवंडतं. आमचं भांडं 75वर लावलं की हलत नाही!

रिकामी_चौकट: ती म्हणतेय विकत घ्यायचं नाही. पातेल्यात पाणी, त्यात दुसरं पातेलं, मंद आच. लोखंड-तांबं नको, मेणाचा रंग बिघडतो. मेण धुवायला पावसाचं पाणी. क्षाराच्या पाण्यात साबणासारखा चोथा होतो.

गुणगुण: बामच करा. वजनाने 1 भाग मेण, 3 भाग तेल. मध घालू नका, तेलात न मिसळता तळाशी बसतो. थोडं प्रोपोलिस (माश्या झाडांवरून आणतात तो डिंक) घाला, खपतं.

रिकामी_चौकट: ओठाला प्रोपोलिस? काहींना त्याची ॲलर्जी असते, पुरळ उठतं.

गुणगुण: ॲलर्जी शेंगदाण्याचीही असते.

काजळी: मेणबत्ती. चौकोनी विणीची सुती वात घ्या. बारीक वातीने मधोमध खड्डा पडतो, कडेचं मेण तसंच राहतं. जाड वात धूर सोडते. आणि हो, मेण थेट आचेवर नको.

कोळीशोधक: मूळ प्रश्न राहिला. ‘नफ्याचा 10%’ लिहू नका, नफा किती ते गिऱ्हाइकाला कसं कळणार? दर डबीमागे ठरावीक रक्कम छापा, संस्थेचं नाव तिच्या लेखी परवानगीनेच. मेणात फ्लुवॅलिनेट, कुमाफॉससारखी कोळीनाशकं (माश्यांवर जगणाऱ्या वरोआ या बारीक कोळ्यावरची औषधं) साठतात, म्हणून जुन्या पोळ्याचं मेण ओठाला नको. मध काढताना पोळ्याच्या घरांवरची मेणाची झाकणं कापतात, त्यांचं घ्या. पैशांखेरीज माश्यांचे, पोळ्याचे नमुनेही देता येतात, पण आधी प्रयोगशाळेला विचारा. वरोआ मोजायला माश्या 70% अल्कोहोलात, विषाणूंसाठी गोठवलेल्या. पिलाव्याचा (अंडी-अळ्या असलेल्या पोळ्याचा) तुकडा कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते.

काजळी: दर डबीमागे ठरावीक रक्कम हेच बरं.

मेणपणती: सगळ्यांचे आभार. लाकडाचं पॉलिश करतेय: 1 भाग मेण, 4 भाग जवसाचं तेल. ओठांचा प्रश्नच मिटला. रक्कम डबीमागे.

कोळीशोधक: मग डबीवर हेही छापा: जवसाच्या तेलात भिजलेले कापडाचे बोळे ढिगात टाकले तर आपोआप तापून पेटतात. एकेक पसरून वाळवायचे, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायचे.

पेटी_क्र_7: पॉलिशलाही थर्मोस्टॅट लागतोच.