मदत हवी आहे: पोर्तो रिको लढून स्वतंत्र झालं असतं का?

भावांनो, रविवारी वादविवाद स्पर्धा आहे आणि चिठ्ठीत मला 'झालं असतं' हीच बाजू आलीय. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट आधी स्पेनच्या ताब्यात होतं, १८९८ पासून अमेरिकेच्या. आकार सुमारे ९ हजार चौ.किमी, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहून थोडंच मोठं. १८६८ ला लारेसचा उठाव स्पेननं लगेच चिरडला, १९५० ला बंडवाल्यांनी हायुया गाव घेतलं तर वरनं अमेरिकेच्या विमानातनं बॉम्ब पडले. क्युबाचं उदाहरण घेऊन बघितलं, पण ते बारापट मोठं, शिवाय १८९८ ला अमेरिका मधी पडली. हैती सांगू नका, तिथं उठाव करायला लाखो गुलाम होते. सायप्रसवाले ब्रिटिशांशी लढले खरे, पण मागत होते ग्रीसमध्ये विलीनीकरण आणि १९६० ला मिळालं स्वातंत्र्य! आपल्याकडं गनिमी काव्याला मागं अख्खा सह्याद्री होता, पोर्तो रिकोला चारी बाजूंनी समुद्र, बंदुका येणार कुठनं? बाहेरच्या फौजेशिवाय लढून सुटलेलं एवढंसं बेट कुठलं आहे का?