ट्रॅव्हलरचं घर करतोय, बाहेरून व्होल्वो लुक द्यावा की जुनं साधं तोंडच ठेवावं?

मालवी_मुशाफिर (इंदूर)
भिया राम मंडळी. मागच्या वर्षी फिरतं घर करायला एक जुनी ट्रॅव्हलर, म्हणजे छोटी प्रवासी बस घेतली, पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली, लांब व्हीलबेसवाली, आतलं काम जवळपास झालंय, दोन बेड, छोटा ओटा, पाण्याची टाकी, सगळं. आता घोडं अडलंय ते बाहेरच्या रूपावर. देवास नाक्याकडच्या बॉडीवाल्याने मोबाइलवर फोटो दाखवले, पुढे फायबरचं फुगीर तोंड, अखंड मोठी काच, बाजूला काचेसारखे काळेभोर पॅनल आणि त्यावर सोनेरी-चॉकलेटी लाटा. वर म्हणतो, 'साहब, लोग समझेंगे व्होल्वो आ गई.' हिने फोटो बघितले आणि म्हणाली मी ह्यात झोपणार नाही, रात्री कोणीतरी उठवून तिकीट मागेल असं वाटतं. मला स्वतःला ते जुनं चौकोनी तोंड आवडतं, खाली एक रंग, वर पांढरा, मधून एक पट्टी, बस्स. पण मुलगा म्हणतो बाबा तो टेम्पो दिसेल. ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी सांगा, दोन-तीन वर्षं वापरल्यावर कुठलं रूप डोळ्यांना खुपत नाही?

सराफ्यातला_खवय्या
टेम्पो दिसेल म्हणजे काय, टेम्पोच आहे तो. १९८७ मध्ये आली तेव्हा नावच 'टेम्पो ट्रॅव्हलर' होतं, आणि बनते आपल्या इंदूरजवळच्या पीथमपूरला. चिरंजीवांना म्हणावं घरच्या पोरीला नावं ठेवू नये 😄

रिटायर्ड_काका
मुशाफिर, माझं ऐकशील तर त्या लाटांच्या नादी लागू नकोस. मुलाकडे अमेरिकेत चार महिने होतो तेव्हा अशा घर-गाड्यांचे तळ भरपूर पाहिले. तिथे सगळ्यात श्रीमंती गाड्या म्हणजे प्रेव्हो कंपनीच्या बसवर बांधलेल्या, कॅनडाची कंपनी, बसचा नुसता सांगाडा घ्यायचा आणि आतलं घर दुसऱ्या कारागिरांकडून करून घ्यायचं, नवी घ्यायला गेलं तर २० लाख डॉलरच्याही वर जाते. बाहेरून अगदी तुझ्या बॉडीवाल्याच्या फोटोसारख्या लाटा. त्यातल्याच एका मालकाशी गप्पा झाल्या, तो म्हणाला गाडीला काही झालेलं नाही पण लाटांची फॅशन गेली आणि पूर्ण रंग काढून परत मारायचा खर्च ऐकूनच मी गप्प बसलो.

त्याच तळावर एका कोपऱ्यात जीएमसी ह्या अमेरिकन कंपनीची मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, उभी होती, ही १९७३ ते ७८ एवढीच बनली. तिच्याभोवती मात्र सकाळपासून माणसं, कोणी खाली वाकून बघतंय, कोणी फोटो काढतंय. मीही वाकलो. इंजिन पुढचीच चाकं फिरवतं त्यामुळे मागची चाकं फिरवायला खालून जाणारा दांडा, शाफ्टच नाही, म्हणून आतली फळी जमिनीला लागून, म्हणून गाडी बुटकी, म्हणून ती सुंदर. आपला जुना मॅटाडोर आठवतो का, तोही पुढच्याच चाकांवर चालायचा, सामान चढवायला किती सोपं पडायचं. सांगायचा मुद्दा, तिचं रूप आतल्या बांधणीतून आलंय, वरून चिकटवलेलं नाही. एअरस्ट्रीम ह्या गाडीमागे ओढायच्या अमेरिकन घरांचंही तेच, रिव्हेट मारलेला उघडा ॲल्युमिनियमचा पत्रा, १९३० च्या दशकापासून तोच घाट, कोणी जुनाट म्हणत नाही.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या इंदूरचा माणिकबाग राजवाडा बघ ना. महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी एकार्ट म्युथेसियस ह्या जर्मन वास्तुकाराकडून १९३० च्या दशकात बांधून घेतलं, आज तिथे सरकारी ऑफिस आहे तरी त्या सरळ रेषा अजून नव्या वाटतात. इंदूरच्या माणसाने झगमगाटाला भुलावं म्हणजे कमाल आहे.

बडोदेकर_बसवाला
काका तुमचा मान राखून थोडं उलट बोलतो. माझी गाडी मिनीबसवर आहे आणि व्होल्वो लुकचीच आहे. २००१ ला व्होल्वोची बी७आर ही बस इथे आली त्याआधी आपल्या बस आठवा, सरकत्या काचा, खडखडाट, दाहोदपर्यंत पोहोचेतो शर्टाचा रंग बदललेला. चिकटवलेल्या काचेने तो खडखडाट गेला, धूळ गेली, ही काय नुसती फॅशन नाही. आणि पुढे मोठी काच असली की सकाळी चहा घेऊन ड्रायव्हरशेजारी बसायचं सुख वेगळंच.

तोटाही सांगतो. झाबुआच्या अलीकडे एका डंपरच्या चाकातून खडी उडाली, एवढासा तडा, संध्याकाळपर्यंत तो हातभर लांब. दुकानातल्या कुठल्याच काचेचा घाट जुळेना, कारण तोंड फायबरचं, बॉडीवाल्याने आपल्या साच्यातून काढलेलं, आणि तोवर तो साचा त्याने मोडून टाकला होता! अकरा दिवस गाडी उभी, मी नर्मदेऐवजी गॅरेजचं दर्शन घेत होतो. तुझ्या ट्रॅव्हलरची मूळ काच कुठल्याही गावात मिळेल.

पोहे_विथ_जिरावन
चॉकलेटी रंगाबद्दल एक. मे महिन्यात आपल्याकडे ४२-४३ सहज होतं, गडद गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून दाखवा. माझ्या भावोजींनी गडद मरून रंग दिला वर रेडियमची वेलबुट्टी, दुसऱ्या उन्हाळ्यात रेडियमच्या कडा पापडासारख्या वर आल्या. काढायला गेलो तर खालचा रंग ताजा आणि बाजूचा विटलेला, म्हणजे वेलबुट्टी गेली तरी तिचं भूत गाडीवर राहिलं. छत पांढरंच ठेव भाऊ, बाकी काहीही कर.

आरसी_बघा_आधी
सगळे रंगावर भांडताय पण मूळ गोष्ट राहिली. नोंदणी 'मोटर कॅरव्हान', म्हणजे राहायची गाडी, म्हणून आहे ना? मोटर वाहन कायदा कलम ५२, आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही, आणि कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचं वेगळं मानक आहे. नवीन तोंडाने लांबी वाढली किंवा रंग बदलला तर आरटीओत आधी विचारा, नंतर धावपळ नको.

मालवी_मुशाफिर (इंदूर)
सगळ्यांचे आभार. आरसीचं काम एजंटकडे नाही, स्वतः जाऊन करतोय, उद्याच विचारतो. काल काकांचा मेसेज हिला वाचून दाखवला, तिने लगेच माणिकबागची बाजू घेतली. बडोदेकर दादा, साच्याचा किस्सा वाचला आणि बॉडीवाल्याला फोन लावला की काच फुटली तर साचा ठेवाल का, तो म्हणाला 'अरे साहब, फूटेगी ही क्यों'. तिथेच ठरलं. तोंड मूळचंच ठेवतोय, नुसती डेंटिंग, नवीन रबर, काचा त्याच. वर पांढरा, खाली फिकट हिरवा, मधली पट्टी पत्र्याची, रेडियमची नाही. खिडक्या मात्र दादांसारख्या चिकटवलेल्या, फक्त बेडजवळची एक सरकती कारण हिला रात्री वारा लागतो.

मुलगा रुसलाय. त्याला मागच्या दाराच्या आतल्या बाजूला हव्या तेवढ्या लाटा काढायची परवानगी दिलीय.

रिटायर्ड_काका
फिकट हिरवा म्हणजे नेमका कुठला? पिस्त्याकडे झुकणारा घे, पोपटी घेतलास तर महापालिकेची गाडी समजून लोक कचरा आणून देतील.