मदत हवी आहे: आजोबांच्या शाळेचा दाखला, साल लागेना

काळं_रान: आजोबांच्या ट्रंकेत शाळेचा दाखला सापडला. उर्दूत आहे. ओळखीच्या मौलानांनी वाचून दिला. नाव, बापाचं नाव, पेशा काश्तकारी, तालुका मोमिनाबाद, खाली अमरदाद 1346. हे अमरदाद गुरुजी का? आणि 1346 साल कसं? हा तालुका नकाशात नाही. शाळेत दोनदा गेलो, जुनं रजिस्टर नाही म्हणतात. आत्या अंथरुणाला खिळलीय, तिला बापाच्या शाळेचं ऐकायचंय. लवकर सांगा.

गोदाकाठ: गाव कोणतं? दाखला कितवीचा?

जुनी_पाटी: अमरदाद महिना आहे. निजामाकडं फसली सन चालायचा. 590 मिळवा, 1936.

बालाघाट: 1936 नाही. फसली साल ऑक्टोबरात, आझूर महिन्यापासून लागायचं. जानेवारीनंतर 591 मिळवावे लागतात. अमरदाद जूनच्या आसपास, म्हणून 1937. मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई.

तहसील_वारी: कुणबी नोंद काढायची असेल तर नक्कलेचा अर्ज आधी करा. दाखल-खारीज रजिस्टरात जात असते.

काळं_रान: जातीच्या दाखल्यासाठी नाही हो. आजोबा शिकले कुठं, एवढंच.

जुनी_पाटी: उर्दू शाळेतच शिकले असणार. तेव्हा मराठी शाळा होत्या कुठं?

बालाघाट: असं सरसकट म्हणू नका. सरकारी कामकाज उर्दूत, म्हणून दाखला उर्दूत. खालच्या वर्गांना मराठी होतीच, वर गेलं की उर्दू. 1918 ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दूच. माझे आजोबा खालचे वर्ग मराठीत शिकले, पुढं उर्दू जमेना म्हणून औत धरलं.

तुरीचं_वावर: आमची आजी मारुतीच्या पारावर धूळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायची. भावाला पोचवायला जायची अन् तिथंच बसायची. नाव कुठल्याच रजिस्टरात नाही.

गोदाकाठ: गाव अजून सांगितलं नाही. जुनी रजिस्टरं कधी कधी केंद्रशाळेत नाहीतर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात निघतात. गावाशिवाय विचारायचं कुठं?

काळं_रान: गाव दाखल्यावर फाटलंय. आत्या म्हणते आजोबा मामाकडं राहून शिकले, ते गाव केजच्या बाजूला. वर्गापुढं 'जमात सोम' आहे.

बालाघाट: सोम म्हणजे तिसरी. अमरदादात नाव काढलं म्हणजे मृगाच्या पेरणीला घरी नेलं असेल. आत्याला पेरणीचंच विचारा, मामाच्या गावाचं नाव त्यातून निघेल.

काळं_रान: आत्ताच विचारलं. 'पेरणीनं पाटी नेली' असं आजोबा म्हणायचे म्हणे. गावाचं नाव आठवेना. उद्या केजला जातो.