बेरिआट्रिक (वजन उतरवण्याची) सर्जरी करावी का? अनुभव हवेत

कढीलिंब: वय ४१, उंची १५८ सेंमी, वजन ११२. शुगर गोळ्यांना दाद देत नाही, झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅप मशीन लावून झोपते. तीन डाएटिशियन झाल्या. दर वेळी दहा-बारा किलो उतरतं आणि व्याजासकट परत येतं. सर्जन स्लीव्ह म्हणतायत. सासूबाईंचं म्हणणं, "तोंड आवर, पोट कशाला कापून घेतेस?" ज्यांनी केलीय त्यांनी सांगा.

चतकोर: चार वर्षांपूर्वी स्लीव्ह केली. १०४ ची ७३ झाले. आधी सांग, रात्री घशाशी आंबट येतं का? मला यायचं. ना मी सांगितलं, ना सर्जननी विचारलं. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग काढून टाकतात, उरते केळ्याएवढी नळी. तिच्यात दाब वाढतो आणि जळजळ बळावू शकते. आज गुडघे खूश आहेत, पण दोन उशांशिवाय आडवी होत नाही. जठराच्या बायपासमध्ये (जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात) हा त्रास सहसा कमी होतो, शुगरलाही तो बरा. व्हिटॅमिनं मात्र आणखी काटेकोर घ्यावी लागतात. एंडोस्कोपी करून मगच ठरव.

बाकी, जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. आधी अंडं किंवा पनीर, मग भाकरीचा चतकोर. भाताचा घास घाईत गिळला की छातीत दगड. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले, पुढे आले परत. बी१२, लोह, कॅल्शियम जन्मभर. आणि लग्नात पंगतीत बसू नकोस, आग्रह करणाऱ्यांना "पोटच नाहीये हो" किती वेळा सांगणार!

गोगलगाय: आता वजन उतरवणारं मौंजारो इंजेक्शन मिळतंय की. चिरफाड कशाला?

चतकोर: विचार जरूर डॉक्टरांना. पण माझ्या बहिणीने बंद केलं आणि सहा महिन्यांत निम्मं वजन परत आलं.

फाइलवाला: कढीलिंबताई, मी क्लेमचं काम बघतो. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४५ च्या आसपास येतोय. विम्यात लठ्ठपणाची शस्त्रक्रिया एरवी वगळलेली असते. पण ४० किंवा त्यावर बीएमआय असेल आणि डॉक्टरांनी कारणासकट लिहून दिलं असेल, तर विमा नियामक आयआरडीएआयच्या प्रमाणित कलमात ती बसते. पॉलिसीचा वेटिंग पीरियड (क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ) तेवढा तपासा. स्लीप स्टडीचा रिपोर्ट फाइलला लावा, आणि कॅशलेसची मंजुरी हातात आल्याशिवाय अ‍ॅडमिट होऊ नका.

कढीलिंब: चतकोर, येतं गं आंबट. जेवायला उशीर होतो म्हणून असेल, असं समजून जेलुसिल पीत होते. शुक्रवारी एंडोस्कोपी ठरवलीय. यांना सुट्टी नाही, सोबत सासूबाईच येतायत.