शून्य सायटेशन म्हणजे शून्य संशोधन?

(ऑनलाइन चर्चा; ‘तळटीप’, ‘रसायनवाला’ वगैरे लिहिणाऱ्यांची टोपणनावं आहेत.)

तळटीप: काल इथे ‘रसायनवाला’ यांनी लिहिलं की ज्या प्राध्यापकाचं गूगल स्कॉलर (शोधलेख शोधून त्यांचे संदर्भ मोजणारं गूगलचं साधन) प्रोफाइल नाही, किंवा आहे पण सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या लेखांचे दिलेले संदर्भ) दोन आकडीही नाहीत, त्याने स्वतःला संशोधक म्हणवून घेऊ नये. ते वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाहीये, म्हणून सविस्तर लिहिते.

मी बावीस वर्षं मोडी कागदपत्रांवर काम करतेय. चौदा लेख, सगळे मराठीत. प्रोफाइलवर त्यांतले दोन दिसतात, सायटेशन शून्य. माझ्या कपाटात मात्र पाच पुस्तकं आहेत ज्यांच्या तळटिपांत माझे लेख आहेत. एका लेखकाने तर माझं एका महजराचं (जुन्या निवाडापत्राचं) वाचन चुकलंय असं पानभर मांडलंय. म्हणजे त्याने तो लेख ओळ न् ओळ वाचला, मूळ कागद पुन्हा काढून पाहिला आणि उत्तर दिलं. मला याहून मोठी पावती नको. पण यंत्राला ती दिसत नाही, म्हणून मी संशोधक नाही?

युजीन गारफील्ड यांनी 1964 मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो एखादा विचार पुढे कुणाकुणाकडे गेला त्याचा माग काढायला. ग्रंथालयातलं ते साधन होतं. माणसं तोलायचा काटा त्याचा आपण केला.

रसायनवाला: मॅडम, तुमचं काम मी कमी लेखत नाही. पण माझीही बाजू ऐका. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकलो. आमच्या गाईडना जिल्ह्याबाहेर कुणी ओळखत नव्हतं. 2013 मध्ये परदेशातल्या एका प्रयोगशाळेतून मेल आला: तुमच्या पेपरचा आम्ही संदर्भ दिलाय, पोस्टडॉकला (पीएच.डी.नंतरच्या संशोधनाला) याल का? त्यांना माझं गाव, आडनाव, कुणाचा विद्यार्थी, काही माहीत नव्हतं. त्यांनी फक्त काम पाहिलं, आणि ते त्यांना सायटेशनच्या साखळीतूनच सापडलं. त्याआधी इथे दोन मुलाखतींत मला पहिला प्रश्न काय होता? “कुणाकडे केलंत?” आकडा निदान असलं काही विचारत नाही.

गणिताचा तास: आकडा आडनाव विचारत नसेल, पण त्याला विषय असतो. तुमच्याकडे एका पेपरवर आठ नावं आणि वर्षभरात तीस संदर्भ. आमच्याकडे दोन नावं आणि पहिला संदर्भ चौथ्या वर्षी. एकाच एच-इंडेक्सने (तो 10 म्हणजे किमान दहा-दहा संदर्भ मिळालेले दहा पेपर) दोघांना मोजायचं? तो काढणारे हर्श स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, 2005 मध्ये काढला. 2020 मध्ये त्यांनीच लिहिलं की याचे गंभीर दुष्परिणाम होऊ शकतात.

आणि फुगवणं किती सोपं! 2010 मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने ‘आइक अँटकारे’ नावाचा न जन्मलेला शास्त्रज्ञ उभा केला. संगणकाने लिहिलेले 102 निरर्थक पेपर, सगळे एकमेकांचा संदर्भ देणारे. स्कॉलरच्या हिशेबाने त्याचा एच-इंडेक्स 94 झाला. आइनस्टाइन मागे पडले.

रसायनवाला: लाबेंनी ते स्वतःच उघड केलं, आणि मोजणी उघड्यावर होती म्हणूनच ते दाखवता आलं. बंद खोलीतली शिफारस कुणी कशी उघड करणार? स्कॉलर ढिलं आहे, कबूल. मग स्कोपस ही संदर्भसूची घ्या, तिथे नियतकालिकं पारखून घेतात.

तळटीप: स्कोपसची अट वाचलीत? शीर्षक आणि सारांश इंग्रजीत हवा, संदर्भ रोमन लिपीत हवेत. माझ्या लेखाचे निम्मे संदर्भ मोडी रुमालांचे (कागदांच्या गठ्ठ्यांचे) आणि राजवाडे, खरे या इतिहास-संशोधकांच्या खंडांचे. ते रोमनमध्ये लिहून कुणाला उपयोग? एनआयआरएफ (शिक्षणसंस्थांची सरकारी क्रमवारी) मात्र प्रकाशनं मोजतं ती स्कोपस आणि तसल्याच वेब ऑफ सायन्सवरून. म्हणजे मराठीत लिहिलेलं विद्यापीठाच्या खात्यावर जमाच होत नाही.

ग्रंथपाल: तळटीपताई, राग मानू नका, पण दोष आपल्या नियतकालिकांचाही आहे. स्कॉलरच्या सूचना साध्या आहेत: प्रत्येक लेखाची वेगळी पीडीएफ, 5 एमबीच्या आत, मजकूर शोधता येण्याजोगा, वर ठळक शीर्षक, खाली लेखकाचं नाव, शेवटी संदर्भसूची. आपण काय करतो? दीडशे पानांचा अख्खा अंक स्कॅन करून एका फाइलीत चढवतो. यंत्राच्या दृष्टीने तो एक मोठा फोटो. जे स्कॅन नाही ते जुन्या फॉन्टमध्ये. डोळ्यांना देवनागरी, पण कॉपी केलं की रोमन अक्षरांचा कचरा. वर तळटिपांत ‘तत्रैव’ (त्याच ग्रंथात) आणि ‘उनि’ (वर सांगितलेला ग्रंथ). यंत्राने काय धरायचं?

त्रैमासिकाचा संपादक: सल्ला द्यायला काय जातं! आमच्याकडे एक टाइपसेटर, तोही अर्धवेळ. प्रुफं दोन निवृत्त शिक्षक पाहतात. 1998 पासूनचे अंक श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. युनिकोडमध्ये बदलून पाहिले तर रफार भलत्याच अक्षरावर जातो, जोडाक्षरं फुटतात, तळटिपांचे आकडे मजकुरात घुसतात. एक अंक दुरुस्त करायला मला अकरा दिवस लागले. आणि ‘तत्रैव’ला हात लावायचा नाही. ती आमची पद्धत आहे, यंत्रासाठी का बदलायची?

ग्रंथपाल: ‘तत्रैव’ ठेवा हो. फक्त शेवटी पूर्ण सूची जोडा. गेल्या महिन्यात पीएच.डी.ची एक मुलगी तीन दिवस एक लेख शोधत होती. तो तुमच्यासारख्याच एका अंकात होता, नेटवर चढवलेला, पण कुठल्याच शोधात येईना. शेवटी मी कपाटातून काढून दिला. ती पुण्यात होती म्हणून मिळाला. नांदेडला असती तर? मला सायटेशनचं सोयरसुतक नाही. पण जे सापडत नाही ते वाचलंही जात नाही.

त्रैमासिकाचा संपादक: म्हणजे सत्तावीस वर्षं आम्ही लपवून ठेवलं असं म्हणायचंय तुम्हाला? पदराला खार लावून अंक काढलेत, ताई. शब्द जपून वापरा.

ग्रंथपाल: लपवलं असं मी म्हटलेलं नाही. पण ‘तुमच्यासारख्याच’ हे लागलं असेल तर चुकलं माझं.

जिल्हा कॉलेज: फॉन्टचं चालू द्या, माझं दुखणं वेगळं आहे. माझा लेख आला तेव्हा नियतकालिक यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य यादीत होतं. मे 2018 मध्ये यूजीसीने 4,305 नियतकालिकं एका फटक्यात काढली, त्यात तेही गेलं. कॅसची (प्राध्यापकांच्या बढतीची) फाइल त्यानंतर उघडली आणि लेख बाद. मग 2019 मध्ये यूजीसीचीच नवी केअर यादी आली, तिच्याप्रमाणे नव्याने लिहिलं. 2025 मध्ये तीही बंद. यादीतली पुष्कळ नियतकालिकं बोगस होती, हे मान्य. पण माझा लेख बोगस आहे का, ते पाहायला कुणी तो उघडला नाही. आकडा पाहा की यादी पाहा, लेख न वाचण्याचीच ही सोय आहे.

रसायनवाला: हे शेवटचं वाक्य मला झोंबलं, कारण मीही निवड समितीवर बसलोय. एका दिवसात चाळीस अर्ज असतात. सगळे पेपर वाचले असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. ‘म्हणवून घेऊ नये’ हे माझं वाक्य मागे घेतो. पण आकडे काढून टाकले तर त्या जागी वाचन येईल, हे मला पटत नाही. त्या जागी फोन येतील.

गणिताचा तास: फोन आत्ताही येतातच. पण ठीक आहे, तुमचा मुद्दा खोटा नाही.

तळटीप: मागे घेतलंत, आभार. ग्रंथपालताई, लग्नाआधीच्या नावाने आलेले पाच लेख प्रोफाइलला जोडता येतात का?

ग्रंथपाल: लेख नेटवर सापडत असतील तर शोधून जोडा. नसतील तर हाताने भरा. नवा संदर्भ आल्याची सूचना मेलवर येते, तीही चालू करा. आणि लेखाचं नाव अवतरणचिन्हांत घालून गूगल बुक्समध्ये शोधा, पुस्तकांतले उल्लेख कधीकधी तिथे मिळतात.

तळटीप: करते. माझा लेख कुणी वाचला ते कळावं एवढ्यासाठी. फाइलीत तो आकडा लिहिणार नाही.

जिल्हा कॉलेज: लिहावा लागेल, मॅडम. फॉर्मात रकाना आहे. मी रिकामा सोडला होता, फाइल परत आली.

त्रैमासिकाचा संपादक: ग्रंथपालताई, रविवारी वेळ आहे का? 2003 चा दिवाळी अंक घेऊन येतो. एक लेख वेगळा कसा काढायचा तेवढं दाखवा.