मधुमेह आहे, छातीत दुखत नाही: टीएमटी करावी की कॅल्शियम स्कोअर?

माहीमची_लेक
वडील 58 वर्षांचे आहेत, टाइप 2 मधुमेह 12 वर्षांपासून. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.6, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 118, बीपी साधारण 138/84, क्रिएटिनिन नॉर्मल. साखरेसाठी मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहेत, स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) नाही. छातीत दुखत नाही. दादरच्या एका लॅबच्या पॅकेजमध्ये टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी), 2डी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि कॅल्शियम स्कोअर (हृदयाच्या रक्तवाहिन्यांतलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन) असं तिन्ही आहे. मधुमेहात ब्लॉकेज लपून राहतात म्हणतात, मग हे करून घ्यावं का?

डॉ_परळ
खरंच लक्षणं नसतील तर या पॅकेजने आयुष्य वाढत नाही. हे तपासून पाहिलेलं आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डायड अभ्यासात लक्षणं नसलेले 1123 मधुमेही होते. निम्म्यांचं हृदयाचं परफ्यूजन स्कॅनिंग (हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतं का ते पाहणारा स्कॅन) केलं, निम्म्यांचं नाही. स्कॅन केलेल्यांपैकी 22 टक्क्यांत दोष दिसला, म्हणजे लपलेला आजार असतो हे खोटं नाही. पण जवळपास पाच वर्षांनंतर हार्ट अटॅक आणि हृदयविकाराने मृत्यू दोन्ही गटांत सारखेच निघाले: 2.7 आणि 3.0 टक्के. 2014 च्या फॅक्टर-64 अभ्यासात सीटी अँजिओग्राफी (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) वापरली, तिथेही लक्षणीय फरक पडला नाही.

याचं कारण नीट समजून घ्या. टीएमटी पकडते ती रक्तप्रवाह अडवणारी अडचण, साधारण 70 टक्क्यांच्या वरची. अटॅक मात्र पुष्कळदा रक्तवाहिनीत साठलेला, 40-50 टक्केच जागा अडवणारा चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी बसल्याने येतो. त्यामुळे 'टीएमटी निगेटिव्ह' वाचून स्टॅटिन टाळणारा माणूस रिपोर्ट न काढलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असतो. उलट बाजूने, खोटी पॉझिटिव्ह आली की अँजिओग्राफी, आणि तिथून गरज नसलेला स्टेंट.

तुमच्या वडिलांच्या आकड्यांत मला ब्लॉकेजपेक्षा मोठी चूक दिसते ती स्टॅटिन नसण्याची. 40 ते 75 वयाच्या मधुमेह्याला ते रिपोर्टशिवायच द्यायचं असतं. सोबत बीपीही असल्याने एलडीएल निम्म्याहून कमी आणि 70 च्या खाली हवं, म्हणजे साधारण अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन 40 किंवा रोसुव्हास्टॅटिन 20. आधी एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी), मग 4 ते 12 आठवड्यांनी पुन्हा लिपिड. बीपी 130/80 च्या खाली. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण कधी केलं आहे का? 30 च्या वर असेल तर हृदयाचा धोकाही वाढलेला समजायचा. ही स्वस्त तपासणी पॅकेजमधून नेमकी गाळलेली असते. डोस त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावा.

सीटी_कन्सोल
कॅल्शियम स्कोअरबद्दल. डाय (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध) लागत नाही, दहाएक सेकंद श्वास रोखायचा, रेडिएशन साधारण 1 मिलिसिव्हर्ट. 0 म्हणजे घट्ट झालेला थर नाही, 100 च्या वर धोका बराच, 400 च्या वर खूप. पण मऊ थर यात दिसतच नाही. पुढे स्टॅटिनने थर घट्ट होतो आणि स्कोअर चढतो, म्हणून 'औषध लागू पडलं का' हे पाहायला दरवर्षी स्कॅन करणं चूक. याचा खरा उपयोग स्टॅटिन घ्यायला तयार नसलेल्या माणसाला. वडील गोळी घेणार असतील तर 0 आला तरी ती बंद होणार नाही, मग पैसे कशाला?

डॉ_परळ
एक भर. चाळिशीनंतर 'हृदयासाठी' म्हणून अ‍ॅस्पिरिन मनाने सुरू करू नका. 2018 च्या अ‍ॅसेंड अभ्यासात मधुमेह्यांमध्ये हृदयाच्या गंभीर घटना 12 टक्क्यांनी घटल्या, पण मोठा रक्तस्राव 29 टक्क्यांनी वाढला.

आणि 'छातीत दुखत नाही' यावर थांबू नका. दीर्घ मधुमेहात हृदयाच्या चेतातंतूंना इजा होते, वेदना जाणवतच नाही. दम लागतो, जबडा किंवा डावा खांदा भरून येतो, जेवणानंतर चालताना 'गॅस' होतो. त्यांना विचारा: स्टेशनचा पूल वर्षभरापूर्वी एका दमात चढत होतात, आता?

माहीमची_लेक
विचारलं. दोन-तीन महिन्यांपासून माहीमच्या पुलावर मध्येच थांबतात. गुडघ्यामुळे म्हणतात, पण दम लागतो हेही कबूल केलं.

डॉ_परळ
मग ही स्क्रीनिंग राहिली नाही, लक्षणाची तपासणी झाली. पॅकेज सोडा. याच आठवड्यात फिजिशियन किंवा कार्डिओलॉजिस्टकडे न्या: ईसीजी, हिमोग्लोबिन, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी), 2डी इको. गुडघ्यामुळे पट्ट्यावर पुरेसं चालता येणार नाही, म्हणजे टीएमटीत हार्ट रेट 220 वजा वयाच्या 85 टक्क्यांपर्यंत पोचणार नाही आणि रिपोर्ट 'अनिर्णित' येईल. डोब्युटामिन स्ट्रेस इको (चालण्याऐवजी औषधाने ठोके वाढवून केलेली इको) किंवा सीटी अँजिओग्राफी, यांपैकी काय ते डॉक्टर ठरवतील. दम बसल्या जागी लागला, सोबत घाम फुटला, तर तपासणीची वाट पाहू नका. 108 लावा, थेट कॅज्युअल्टी.

सीटी_कन्सोल
सीटी अँजिओ ठरली तर त्यात डाय असतो, ताजं क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता) न्या. ईजीएफआर 30 ते 60 असेल तर मेटफॉर्मिन त्या दिवशी थांबवायची का हे आधी विचारा, 48 तासांनी क्रिएटिनिन पाहून सुरू करतात. हार्ट रेट 60 च्या आसपास आणायला मेटोप्रोलॉल देतात, दमा असेल तर ते आधीच सांगा. आणि उपाशी बोलावलं असेल तर सकाळची ग्लिमेपिराइड खाण्याआधी घेऊ देऊ नका, रांगेत साखर उतरते. खिशात ग्लुकोज पावडर असू द्या.